वाजणारं घड्याळ

पालकसभेला हालवार हजर होता, पण टेबलावर. म्हणजे त्याचा चेहरा सुनिवाच्या फोनमध्ये होता आणि तो फोन कॉफीच्या थर्मासला टेकवून उभा केला होता. तो स्वतः लेवांगेरमध्ये आपल्या स्वयंपाकघरात बसला होता आणि सभा चालली होती देशाच्या पार वर उत्तरेला, विमानानं जावं लागेल इतक्या दूर, आल्ताच्या शाळेत, पहिलीच्या वर्गात. सहा वर्षांच्या मुलांच्या खुर्च्यांवर मोठी माणसं गुडघे वर करून कशीबशी बसली होती. हालवारला त्यातली निम्मीच दिसत होती. बाकीच्यांच्या जागी त्याला वॅफलची ताटली दिसत होती.

विषय होता घड्याळाचा.

आमच्याकडे सहा वर्षांचं मूल शाळेत एकटं चालत जातं आणि एकटं परत येतं. त्याचं कुणाला काही वाटत नाही. उलट रोज दारापर्यंत सोडायला जाणाऱ्या आईबापांकडेच लोक चमत्कारिक नजरेनं बघतात. इतक्या लहान मुलाच्या हातात फोन मात्र द्यायचा नाही, यावर सगळ्यांचं एकमत. मग मधला मार्ग म्हणून हे मनगटी घड्याळ. आईबापांनी घालून दिलेले चार नंबर, तेवढ्यांशीच बोलता येतं. एखादा छोटा निरोप येतो-जातो. आणि मूल कुठं आहे ते मोठ्यांच्या फोनवर, नकाशावर फिरणाऱ्या निळ्या ठिपक्यावरून कळतं. घ्यायचं की नाही, घेतलं तर कुठलं, हे जो तो आपापल्या घरी ठरवू शकला असता. पण आपापल्या घरी ठरवणं आमच्या स्वभावातच नाही. एकाचं पोर उठून दिसलं की बाकीच्यांच्या पोटात दुखतं, आणि ज्याचं उठून दिसतं त्याला तर मेल्याहून मेल्यासारखं होतं. म्हणून सभा.

"माझ्या थोरलीच्या वर्गात काय झालं विसरलात का?" एक बाई म्हणत होती. "एकीनं आणलं सोनेरी, कॅमेरावालं. मग दुसरीला तसलंच हवं. नाताळपर्यंत नुसती रडारड!"

"मग घड्याळच नको ना," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

"तुला बोलायला काय जातंय? तुझं घर शाळेला चिकटून आहे. माझा मुलगा पूल ओलांडून येतो."

"अरे, एकेक जण बोला रे," आर्नफिन म्हणाला. हा वर्गाचा पालक-प्रतिनिधी. धिप्पाड, लाल दाढीचा, आणि सभा लवकर संपावी म्हणून आतून तळमळणारा. "हे बघा, आपण अजून रंगावर आलेलोच नाही, आणि वॅफल संपत आलेत."

हालवार इतका वेळ गप्प होता. गप्प राहायची त्याला सवयच झाली होती. वसंतात सुनिवाला आल्ताच्या इस्पितळात नोकरी लागली, आणि दोघं वेगळे राहत असले तरी त्यांची मुलगी इल्वा एक आठवडा हिच्याकडे, एक आठवडा त्याच्याकडे, हे जे चाललं होतं ते संपलं. कुटुंब-सल्ला कचेरीतल्या बाईनं दोघांना समोरासमोर बसवून सगळं शांतपणे लावून दिलं. मूल आईबरोबर जाईल. एक सोडून एक सुट्टी बापाकडे, मध्ये एखादा शनिवार-रविवार बापानं तिकडे जायचं, आणि दर रविवारी आईच्या फोनवर तोंड बघून बोलायचं. कुणी आवाज चढवला नाही. कुणी वाईट वागलं नाही. भांडायला समोर कुणी वाईट माणूस असता तर हालवारला बरं वाटलं असतं, पण तेवढीही सोय नव्हती.

ऑगस्टमध्ये इल्वा गेली, आणि त्याच्या घरात तिचे रबरी बूट आणि दात घासायचा ब्रश एवढं उरलं. रविवारच्या फोनवर ती आईच्या हातात धरलेल्या चौकटीत यायची, दोन मिनिटं हलायची आणि निघून जायची. घड्याळ आलं तर मध्ये आई नको, रविवार नको. रोज, थेट, पोरीच्या मनगटावर. हे घड्याळ आलं नाही तर आपण हळूहळू सुट्टीतला पाहुणा होणार, हे त्याला लख्ख दिसत होतं.

"मी बोलू का?" तो म्हणाला.

थर्मासजवळून आवाज आला तसे सगळे दचकले.

"हा कोण, कुठून बोलतोय?"

"टेबलावरून," सुनिवा म्हणाली. "इल्वाचे पप्पा."

हशा पिकला. हालवारही हसला. मग म्हणाला, "सगळ्यांनी एकच घेतलं तर? एकाच जातीचं, एकाच रंगाचं. राखाडी. वर चित्र नाही, स्टिकर नाही. म्हणजे कुणी कुणाकडं बघायलाच नको. आणि नवीन आलेल्या मुलांना…" इथं तो जरा अडखळला. "नवीन मुलांनाही बरं."

मग सगळ्या वर्गानं सुटकेचा श्वास सोडला.

"ह्यो खरा शहाणा माणूस," आर्नफिन म्हणाला. "टेबलावर बसून आपल्या सगळ्यांच्या वरताण."

"नावं तरी घालू या बाई त्यांच्यावर," घड्याळाची रडारड सांगणारी म्हणाली. "अदलाबदल झाली तर?"

"नावाचे स्टिकर म्हटले की मग चकचकीत स्टिकर, घोड्याचे स्टिकर, आणि आपण परत इथंच," दुसरीनं तिला उडवून लावलं. "आपलं घड्याळ ओळखतात गं मुलं."

हात वर झाले. लेवांगेरच्या स्वयंपाकघरात हालवारनंही हात वर केला. कुणाला दिसला की नाही कोण जाणे. पण इल्वा गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला आपण कुठल्यातरी गोष्टीत बाप आहोत असं वाटलं, आणि फोन बंद झाल्यावर बराच वेळ तो तसाच आनंदात बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सुनिवाचा फोन आला.

"घड्याळ तुझ्या फोनला जोड," ती म्हणाली. "एकाच मोठ्या माणसाच्या फोनला जोडता येतं म्हणे. मी तर तिला रोज बघतेच."

"खरंच म्हणतेस?"

"खरंच. रोज कर फोन. फक्त, हालवार… तिला हवं असेल तोवर. ओढाताण नको."

"अगं, ओढाताण कसली!"

घड्याळ विकत घ्यायला तो आपल्या बहिणीला, गुद्रूनला, बरोबर घेऊन गेला. गुद्रून वयानं मोठी आणि तोंडानं त्याहून मोठी.

"काय निवडायचंय?" तिनं दुकानाच्या दारातच विचारलं. "ठरलंय ना सभेत? राखाडी. दुकानात जाऊन राखाडी दे म्हणायचं, संपलं. तू तर लग्नाची अंगठी घ्यायला आल्यासारखा केस विंचरून आलायस."

पण हालवारनं तासभर लावला. पट्टा कडक आहे का, हातमोज्याच्या आत रुततो का, थंडीत बॅटरी किती टिकते, पाण्यात चालतं का. विक्रेत्या मुलीनं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. शेजारच्या मांडणीत जांभळं एक होतं, पडद्यावर मांजर मिशा हलवत होती. इल्वानं ते बघितलं असतं तर दुकानातून हललीच नसती. त्यानं ते हातात घेतलं, मांजरीच्या नाकाला बोट लावलं, मांजर शिंकली.

"घे ना मग तेच," गुद्रून हळूच म्हणाली. "पोरीला आवडेल ते घे. सभा काय तुला फाशी देणार आहे?"

"मीच सुचवलंय, गुद्रून. सगळ्यांना सारखं."

"धन्य आहे तुझी," असं म्हणून ती बाहेर जाऊन उभी राहिली.

त्यानं राखाडी घेतलं, स्वतःचा नंबर पहिला घातला, मग सुनिवाचा, आणि पार्सल पोस्टात टाकलं.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. संध्याकाळी सात वाजता, मुलांचा टीव्ही संपून रात्रीच्या ब्रेडवर चीज चढत असेल अशा वेळी, तो फोन लावायचा. घड्याळ वाजायचं, आणि इल्वाचा आवाज यायचा, घड्याळाला तोंड लावून बोलतात तसा, ओला आणि मोठा.

"पप्पा! मी माझ्या हाताशी बोलतेय!"

"आज काय केलंस?"

"काही नाही."

"कुणाशी खेळलीस?"

"सगळ्यांशी."

"मग?"

"मग काय?"

इथं हालवारला पुढं काही सुचायचं नाही. मूल घरात असताना आपण त्याच्याशी बोलत नसतोच; आपण कांदा चिरत असतो आणि ते टेबलाखाली बसून काहीबाही बडबडत असतं. नुसतं बोलायचं म्हणून बोलणं त्याला जमत नव्हतं आणि फोन ठेवणं त्याहून जमत नव्हतं. तो कान लावून बसायचा. तिकडं काटाचमच्याचा आवाज यायचा, खुर्ची सरकायची. मग इल्वा म्हणायची, "ठेवू का?" आणि तो म्हणायचा, "हो, हो, जेव तू," आणि तरीही एक क्षण थांबायचा, कदाचित आणखी काही म्हणेल म्हणून.

ऑक्टोबरमध्ये ती फोन उचलेनाशी झाली. पहिल्या दिवशी त्याला वाटलं, अंघोळीला गेली असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, बॅटरी. तिसऱ्या दिवशी त्यानं घाबरत घाबरत एक निरोप धाडला, शुभ रात्री इल्वा, पप्पा. पोरीला अजून वाचता येत नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं, पण दुसरं काय करणार. आणि मिनिटभरात उत्तर आलं. लाल बदाम.

तो स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच हसला.

मग तेच रुळलं. सातला घड्याळ वाजवायचं, ते उचललं जायचं नाही, मग निरोप धाडायचा, आणि बदाम यायचा. कधी एक, कधी तीन, एकदा तर सबंध पडदाभर. बोलायला तिला नको असेल, तर नसू दे. आठवण आहे ना? हालवारला बोलण्यापेक्षा हे जास्त जमत होतं, खरं सांगायचं तर. दोघंही एकाच मातीचे, असं तो मनाशी म्हणायचा.

आणि ठिपका होताच. घरं तापवायचे हीट पंप बसवणं हा त्याचा धंदा; कुणाच्या घरी कामाला गेला की गाडीत बसल्या बसल्या तो आधी ठिपका बघायचा. ठिपका शाळेतून निघायचा, पूल ओलांडायचा, नदीपलीकडच्या एका घरात जायचा. म्हणजे मैत्रीण झाली! कामावरून घरी परतल्यावर मात्र तो ठिपका उघडत नसे; संध्याकाळी बदाम पुरे होता. मग बर्फ पडल्यावर ठिपका आठवड्यातून दोन-तीनदा गावाबाहेरच्या स्कीच्या वाटेवर जाऊ लागला आणि तिथं गोल गोल फिरू लागला. पहिल्यांदा हळू, मध्ये थांबत, पडत असणार. मग हळूहळू भरभर. त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही, पण एका दुपारी त्या ठिपक्यानं न थांबता पूर्ण फेरी मारली तेव्हा त्याचे डोळे भरून आले. लेवांगेरमध्ये इल्वा स्कीवर उभीसुद्धा राहत नव्हती, चिडून काठ्या फेकून द्यायची. त्यानं स्कीचे चांगले हातमोजे घेऊन पाठवले. 'थँक्स, उपयोगी पडतील,' सुनिवानं कळवलं.

ठिपक्याबद्दल त्यानं तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर पाळत ठेवतो असं दिसलं असतं, आणि तसं दिसणं म्हणजे आमच्याकडे मोठीच लाज. रविवारच्या फोनवर त्याला इल्वाच्या मनगटावर राखाडी घड्याळ दिसायचं, तेवढं बस होतं. एकदा सहज विचारल्यासारखं त्यानं विचारलं, "स्की कशी चाललीय?" इल्वानं आईकडे बघितलं आणि म्हणाली, "बरी." शाळेतून सगळ्याच मुलांना नेतात स्कीला, सुनिवालाही त्यात काही खटकलं नाही.

नोव्हेंबरात त्याचा शनिवार-रविवार आला. शुक्रवारी दुपारी विमान उतरलं तेव्हा तिकडं अंधारून आलं होतं, त्या दिवसांत दुपार अशी फारशी उरतच नाही. त्यानं भाड्याची गाडी घेतली. ठरलं असं होतं, की इल्वाला शाळेतल्याच पाळणाघरातून न्यायचं आणि कॅम्पिंगच्या जागेतल्या लाकडी खोलीत दोघांनी राहायचं. सामानात टाकोचं सगळं होतं, कारण शुक्रवारी रात्री आमच्याकडे घरोघर टाकोच असतात. गाडी चालू करण्याआधी त्यानं सवयीनं ठिपका बघितला.

ठिपका स्कीच्या वाटेवर होता.

विसरली वाटतं, त्याला वाटलं. किंवा मैत्रिणीबरोबर गेली असेल, सुनिवानं सांगायचं राहिलं असेल. आणि मग त्याला एकदम फार आनंद झाला, कारण आता तो तिला बघणार होता. शाळेच्या बाकावर दप्तर घेऊन बसलेली नाही, तर पळताना. सरप्राइज देऊ, असं म्हणून त्यानं गाडी तिकडं वळवली.

वाटेवर खांबांचे दिवे लागले होते आणि चिमुकली मुलं रांगेनं फिरत होती, सगळी हेल्मेट, टोप्या, जाड कपड्यांत गुरफटलेली, कोण कुठलं काही कळू नये अशी. हालवार कडेला बर्फात उभा राहिला, एका हातात फोन धरून. ठिपका वळणावर होता. ठिपका सरळ रस्त्याला लागला. दिव्याखाली एक लहान मुलगी येताना दिसली, गुडघ्यात छान वाकून, काठ्या मारत. हालवारनं दोन्ही हात वर करून हलवायला सुरुवात केली.

"इल्वा! अगं इल्वा!"

मुलगी थांबली. तिनं चष्मा वर केला. चेहरा गोल, डोळे काळे, पुढचे दोन दात पडलेले. इल्वा नव्हती.

हालवारनं फोनकडं बघितलं. ठिपका त्याच्या पायाशी होता.

"तू सात वाजताचा पप्पा का?" मुलीनं विचारलं.

मुलीनं हातमोजा खाली करून मनगट दाखवलं. राखाडी घड्याळ.

"मी रावना," ती म्हणाली. "इल्वाचं घड्याळ सारखं वाजतं. माझं कधी वाजतच नाही. आई घरीच असते, पप्पा हा काय इथं, मला फोन कोण करणार? मग आम्ही बदललं. तिला न वाजणारं हवं होतं आणि मला वाजणारं." पटलं नाही की काय, असं वाटून तिनं पुढं जोडलं, "फुकट नाही घेतलं. बदललं."

"मग तू उचलत का नाहीस?"

"उचलायचं नाही असं ठरलंय. माझा आवाज ओळखला असतास ना तू. नुसता बदाम दाबायचा." ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. जरा काळजीत पडली. "चालतो ना बदाम? मला लिहिता येत नाही अजून."

"चालतो," हालवार म्हणाला. "छान असतो बदाम."

एवढ्यात आर्नफिन स्कीवरून सरसर आला, दाढीला बर्फ लागलेलं. पोरांना शिकवायला तोच होता.

"अरे! तू तो टेबलावरचा!" तो ओरडला आणि हालवारचा हात धरून गदागदा हलवला. "इकडं कुठं? इल्वा नाही येत स्कीला. आम्ही बोलावलं दोनदा, नको म्हणाली."

"हो," हालवार म्हणाला. "सहज आलो होतो. तुझ्या फोनवर रावनाचा ठिपका दिसतो का रे?"

"दिसत असेल. मी कधी उघडलंच नाही ते. माझी पोरगी माझ्या डोळ्यांसमोर असते दिवसभर, ठिपका कशाला बघू?" आर्नफिन हसला. मग हालवारचा चेहरा बघून हसू आवरलं. "काही झालंय का?"

"काही नाही."

आमच्याकडे काही नाही म्हटलं की माणसं पुढं विचारत नाहीत. आर्नफिननंही विचारलं नाही.

पाळणाघरात तो पोचला तेव्हा बाकीची मुलं घरी गेली होती. इल्वा बर्फात घालायचा डगला घालून, टोपी हातात धरून दाराजवळच्या बाकावर बसली होती. शेजारी बसलेली ताई घड्याळाकडं बघत होती.

"उशीर केलास, पप्पा," इल्वा म्हणाली. "मी बूटसुद्धा घालून बसलेय केव्हाची."

त्यानं तिला उचललं. ती जड झाली होती. तिच्या मानेशी नाक खुपसून तो तसाच उभा राहिला. मग तिनं पाय झाडले, म्हणून खाली ठेवलं.

खोलीत शेगडी पेटवली. त्यानं खिमा परतला, काकडी चिरली, मक्याचा डबा उघडला. इल्वा टेबलाशी बसून कोरडी टाको मोडून खात होती. तिच्या मनगटावर राखाडी घड्याळ होतं. त्यानं न बोलायचं ठरवलं होतं, निदान आजची रात्र तरी. पण ती लहान असली तरी काही बावळट नव्हती.

"तू रावनाला भेटलास?"

"तुला कसं कळलं?"

"तू सारखा याच्याकडं बघतोयस."

हालवारनं पळी ठेवली.

"रागावलास?"

"नाही."

"रावनावर?"

"तिच्यावरही नाही. कुणावरच नाही." तो तिच्यासमोर बसला. "फक्त मला सांग, का नको होतं वाजायला?"

इल्वानं टाकोचे तुकडे ओळीनं मांडायला घेतले.

"वाजलं की मला काय बोलायचं ते सुचत नाही. तू विचारतोस काय केलंस, मी म्हणते काही नाही. मग तू बोलत नाहीस, नुसता असतोस. मला तुझा श्वास ऐकू येतो. मग मला वाटतं मी काहीतरी चुकीचं बोलले. आणि मम्मी उठून दुसऱ्या खोलीत जाते, मग मी एकटीच टेबलावर. पोटात दुखतं मग. सात वाजायच्या आधीपासूनच दुखतं."

"मग मला सांगायचंस ना, पिल्लू."

"सांगितलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं."

हे तिनं अगदी साध्या आवाजात सांगितलं. हालवार उठून शेगडीपाशी गेला आणि उगाच खिमा हलवत राहिला. आपण पोरीची काळजी घेतोय असं समजून तो रोज तिचा ठिपका बघत होता, आणि हे सहा वर्षांचं पोर तिकडं एकटं बसून त्याला वाईट वाटू नये म्हणून युक्त्या काढत होतं. त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की मागं वळून बघवेना.

"मला आता माझं परत घ्यावं लागेल का?" मागून आवाज आला.

तो हो म्हणू शकला असता. आर्नफिननं उद्या सकाळीच आणून दिलं असतं. सुनिवा ओशाळली असती, तिनं इल्वाला समजावलं असतं, आणि सोमवारपासून सातला घड्याळ पुन्हा वाजलं असतं, आणि इल्वानं उचललंही असतं. नक्की उचललं असतं. पोटात दुखत असताना उचललं असतं आणि तो ठेव म्हणेपर्यंत धरून बसली असती. तिला हवं असेल तोवर, असं सुनिवा म्हणाली होती, आणि त्यानं ते हसण्यावारी नेलं होतं.

"नको," तो म्हणाला. "राहू दे रावनाकडं."

"आणि सात वाजता?"

"नाही वाजणार."

"रावनाचंपण नाही?"

"तिचंपण नाही."

"नक्की? हात दे."

त्यानं येऊन हात पुढं केला. इल्वानं तो घट्ट धरून एकदाच खाली-वर हलवला, कुठलाही सौदा करतात तसा. आणि तिथंच तिचे खांदे सैल झालेले त्याला दिसले. ती खुर्चीवर मांडी घालून बसली, पुढं वाकली, खिम्यात बोट घालून चाखलं, गरम आहे म्हणून ओरडली. ही जुनी इल्वा होती, लेवांगेरची. ती हवी म्हणून त्यानं तीन महिने जंग जंग पछाडलं होतं, आणि ती आली तेव्हा कशानं आली हे त्याला कळत होतं.

"तुला कधी वाटलं बोलावंसं," तो म्हणाला, शक्य तितक्या हलक्या आवाजात, "तर तू कर मला. कधीही. मी काम करत असलो तरी उचलेन."

इल्वानं घड्याळाकडं बघितलं. बोटानं पडदा सरकवला, एक, दोन, तीन, चार चेहरे, सगळे रावनाच्या घरचे.

"यात तू नाहीयेस, पप्पा," ती म्हणाली.

तो थांबला. घालू या का तुझा नंबर, रावनाच्या पप्पांना सांगू, असं ती म्हणेल म्हणून थांबला. तिनंही क्षणभर विचार केला, तो त्याला तिच्या कपाळावर दिसला. मग तिनं बाही खाली ओढली.

"मका दे ना," ती म्हणाली.

हालवारनं मक्याची वाटी तिच्याकडं सरकवली.